दमसास : शरीराचे राखीव बळ

प्रस्तावना

जिना चढताना दम लागला, की आपण क्षणभर कठड्याला हात टेकून थांबतो. 'आता वय झाले' किंवा 'वजन वाढले' असे म्हणतो आणि पुढे जातो. वस्तुतः त्या क्षणी शरीराने आपल्याला एक महत्त्वाची माहिती दिलेली असते. ताप आला तर आपण तापमापक शोधतो, रक्तदाब वाढला तर औषध घेतो. परंतु लागलेल्या दमाची नोंद बहुधा कोणी ठेवत नाही. आरोग्याच्या रक्षणात आणि रोगाच्या उपचारात या दमाला काय स्थान आहे, ते प्रस्तुत पाठात पाहावयाचे आहे.

हा पाठ वाचल्यानंतर तुम्हाला :
• दमसास म्हणजे काय व तो कशावर अवलंबून असतो, हे सांगता येईल;
• दमसास आणि आयुर्मान यांचा संबंध उदाहरणांनी स्पष्ट करता येईल;
• स्वतःच्या दमसासाचा साधा अंदाज घेता येईल व तो सुरक्षितपणे वाढविण्याचे मार्ग सुचविता येतील.

१. काला अंब

दिल्लीहून उत्तरेकडे निघाले, की सुमारे ९० किलोमीटरवर पानिपत लागते. पानिपत शहरापासून सुमारे ८ किलोमीटरवर कुंपणाने वेढलेली एक बाग आहे. बागेत विटांचा एक स्तंभ असून त्याच्या माथ्यावर लोखंडी दांडा आहे. या जागेला 'काला अंब' म्हणतात. येथे पूर्वी आंब्याचे एक झाड होते आणि रणात सांडलेल्या रक्ताने ते काळवंडले, अशी आख्यायिका आहे. सदाशिवरावभाऊ याच परिसरात लढता लढता पडले, असे परंपरा मानते. झाड केव्हाच गेले, नाव मात्र राहिले. १४ जानेवारीला महाराष्ट्रातून आलेली माणसे आणि स्वतःला मराठ्यांचे वंशज मानणारे हरियाणातील रोड समाजाचे लोक येथे एकत्र जमतात.

१४ जानेवारी १७६१ रोजी झालेल्या त्या युद्धातील पराभवाची कारणे अनेक आहेत. त्यांचा निवाडा इतिहासकार करतात. आपल्याला त्यांतील एकच गोष्ट पाहावयाची आहे. सुमारे अडीच महिने पानिपतात अडकून पडलेल्या मराठी फौजेची रसद तुटली होती. माणसे आणि घोडी उपाशी होती. तरीही त्या दिवशी सकाळपासून ही फौज अशी लढली, की दुपारपर्यंत लढाईचे पारडे कोणत्या बाजूला झुकेल हे सांगता येत नव्हते. दुपारनंतर अहमदशहा अब्दालीने राखून ठेवलेली ताज्या दमाची फौज मैदानात उतरविली. एका बाजूजवळ राखीव बळ होते. दुसऱ्या बाजूचे सारे बळ आधीच खर्ची पडले होते.

'ताज्या दमाची फौज' हा शब्दप्रयोग ध्यानात ठेवा. मराठीत दम म्हणजे श्वास आणि दम म्हणजे टिकाव धरण्याची ताकदही. दम लागतो, दम धरावा लागतो, दमछाक होते, माणूस बेदम होतो आणि एखादा दमदार असतो. गवयाच्या लांब पल्ल्याच्या श्वासाला आपण दमसास म्हणतो. शारीरिक शिक्षणाच्या पुस्तकांत ज्याला 'हृदय व श्वसनसंस्था यांचा दमदारपणा' म्हणतात, त्यासाठी या पाठात आपण 'दमसास' हाच शब्द व्यापक अर्थाने वापरणार आहोत. श्रम, आजार, शस्त्रक्रिया अशा प्रसंगी उपयोगी पडणारे शरीराचे राखीव बळ म्हणजे हा दमसास होय.

२. प्राणवायूचा प्रवास

आपण चालतो, ओझे उचलतो, पळतो, तेव्हा स्नायूंना प्राणवायू, म्हणजेच ऑक्सिजन, अधिक लागतो. बाहेरच्या हवेतून स्नायूपर्यंतचा त्याचा प्रवास चार टप्प्यांत होतो. पहिला टप्पा फुप्फुसांचा. ती हवा आत घेतात आणि तिच्यातील प्राणवायू रक्ताच्या स्वाधीन करतात. दुसरा टप्पा रक्ताचा. तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिन हा प्राणवायू वाहून नेते. तिसरा टप्पा हृदयाचा. ते रक्ताला गती देते आणि धमन्यांवाटे सर्वत्र पोहोचविते. चौथा टप्पा स्नायूंचा. तेथील सूक्ष्म केशवाहिन्यांतून प्राणवायू पेशींत शिरतो आणि पेशींतील तंतुकणिका त्याच्या साहाय्याने अन्नातून ऊर्जा निर्माण करतात.

निवांत बसलेल्या प्रौढ माणसाचे हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त पुढे ढकलते. तोच माणूस जीव तोडून पळू लागला, तर हे प्रमाण २० लिटरपर्यंत जाऊ शकते. विश्रांतीच्या वेळी शरीराला दर किलोग्रॅम वजनामागे मिनिटाला सुमारे ३.५ मिलिलिटर प्राणवायू लागतो. या गरजेला एक 'मेट' असे म्हणतात. भरभर चालण्यास सुमारे ४ मेट लागतात. पळण्यास ८ किंवा त्याहून अधिक. आपल्या शरीराला कमाल श्रमाच्या वेळी जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरता येतो, त्यावरून दमसास मोजला जातो. या कमाल मर्यादेची कल्पना १९२० च्या दशकात ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांनी मांडली.

आता राखीव बळाचा हिशोब करू. एका माणसाची कमाल क्षमता ५ मेट आहे आणि दुसऱ्याची १० मेट आहे. दोघेही दुकानात बसतात, जेवतात, झोपतात. त्यांच्यातला फरक एरवी कोणाला दिसत नाही. दोन मजले चढण्यास मात्र ४ मेटपेक्षा अधिक लागतात. पहिल्याची जवळजवळ सारी शक्ती तेथेच संपते, तर दुसऱ्याजवळ निम्म्याहून अधिक शिल्लक राहते. पुढे दोघांनाही न्यूमोनिया झाला, असे समजा. ताप एक अंश सेल्सिअसने वाढला, तरी शरीराची प्राणवायूची गरज सुमारे दहा टक्क्यांनी वाढते. त्याच वेळी आजारी फुप्फुसांची पुरवठा करण्याची शक्ती घटते. गरज आणि पुरवठा यांतील हे अंतर भरून काढण्यास कोणाजवळ किती शिल्लक आहे, हा प्रश्न अशा वेळी कळीचा ठरतो.

३. दमसास वाढतो कसा आणि ओसरतो कसा

नियमित श्रमाने या चारही टप्प्यांवर कमीअधिक बदल होतात. त्यांतील सर्वांत महत्त्वाचे बदल हृदयात व स्नायूंत घडतात. हृदयाचा डावा कप्पा अधिक रक्त सामावून घेतो आणि एका ठोक्यात अधिक रक्त बाहेर टाकतो. म्हणून सराव असलेल्या माणसाची नाडी विश्रांतीच्या वेळी सावकाश चालते. मिनिटाला ७२ ठोक्यांत जे काम होत असे, ते ६० ठोक्यांत होऊ लागते. स्नायूंत केशवाहिन्यांचे जाळे दाट होते, तंतुकणिकांची संख्या वाढते. याबरोबरच रक्तदाब आटोक्यात राहण्यास मदत होते आणि रक्तातील साखर स्नायूंकडून अधिक सहजपणे वापरली जाते.

कमावलेले हे बळ न वापरल्यास किती वेगाने ओसरते, याचे एक बोलके उदाहरण आहे. १९६६ साली अमेरिकेतील डॅलस येथे २० वर्षे वयाच्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर निजवून ठेवण्यात आले. तेवढ्यात त्यांची कमाल प्राणवायू वापरण्याची क्षमता एक-चतुर्थांशाहून अधिक घटली. तीस वर्षांनी, १९९६ साली, त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली. तेव्हा असे आढळले, की तीन आठवड्यांच्या निजून राहण्याने झालेली घट तीस वर्षे वय वाढल्याने झालेल्या घटीपेक्षा मोठी होती. यापुढील भाग अधिक आशादायक आहे. पन्नाशी गाठलेल्या त्या पाच जणांनी सहा महिने बेताचा व्यायाम केला आणि त्यांची क्षमता विशीतल्या मूळ पातळीवर परत आली. केवळ पाच जणांवर केलेला हा प्रयोग असला, तरी 'दम कमी झाला तो वयामुळेच' हे आपले नेहमीचे वाक्य किती तपासून घेण्यासारखे आहे, ते त्यावरून समजते.

४. बसचा चालक आणि बसचा वाहक

दमसासाचा आणि रोगाचा संबंध प्रथम एका साध्या निरीक्षणातून पुढे आला. दुसऱ्या महायुद्धानंतर हृदयविकार वाढत असताना लंडनमधील डॉक्टर जेरेमी मॉरिस यांनी तेथील दुमजली बसवर काम करणाऱ्यांची पाहणी केली. चालक आणि वाहक एकाच गाडीवर, एकाच शहरात काम करीत. चालक दिवसभर बसून असे. वाहक तिकिटे देण्यासाठी दिवसभरात शेकडो पायऱ्या चढत-उतरत असे. १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात वाहकांना हृदयविकार कमी प्रमाणात होतो आणि झालाच तर तो कमी तीव्र असतो, असे आढळले.

मॉरिस यांनी कामातील हालचाल पाहिली होती. प्रत्यक्ष दमसास मोजला नव्हता. ते काम पुढे स्टीव्हन ब्लेअर व त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. त्यांनी १०,२२४ पुरुष आणि ३,१२० स्त्रिया यांची क्षमता ट्रेडमिलच्या फिरत्या पट्ट्यावर चालवून मोजली आणि सरासरी आठ वर्षांहून थोडा अधिक काळ त्यांची माहिती ठेवली. १९८९ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांचा दमसास सर्वांत कमी, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण सर्वाधिक होते. सर्वांत तळच्या गटातून त्याच्या लगतच्या गटात गेल्यावर हे प्रमाण सर्वांत ठळकपणे उतरत होते. याचा अर्थ असा, की धावपटू होण्याची आवश्यकता नाही. जो काहीच करीत नाही, त्याने थोडे केले, तरी त्याच्या पदरात सर्वाधिक लाभ पडतो.

२००२ साली जोनाथन मायर्स यांनी ट्रेडमिल चाचणीसाठी आलेल्या ६,२१३ पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. क्षमता एका मेटने अधिक असली, की जगण्याची शक्यता सुमारे १२ टक्क्यांनी सुधारलेली दिसली. मधुमेह, उच्च रक्तदाब, धूम्रपान यांच्यापेक्षाही ही क्षमता मृत्यूचा धोका अधिक चांगल्या प्रकारे सुचवीत होती. अशा अनेक अभ्यासांच्या आधारे अमेरिकन हार्ट असोसिएशन या संस्थेने २०१६ साली शिफारस केली, की नाडी, तापमान, श्वसन व रक्तदाब यांच्याप्रमाणेच दमसासाकडेही आरोग्याची मूलभूत खूण म्हणून पाहावे आणि रुग्णाच्या तपासणीत त्याची नोंद घ्यावी.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. या अभ्यासांतून संबंध दिसतो; प्रत्येक व्यक्तीचे भविष्य दिसत नाही. दमसास काही अंशी आनुवंशिक असतो, आणि आधीच आजारी असलेल्या माणसाचा दम कमी असणे स्वाभाविकच आहे. तरीही निरनिराळ्या देशांत, स्त्रियांत आणि पुरुषांत हाच संबंध पुनःपुन्हा आढळला आहे, आणि व्यायामाने शरीरात कोणते बदल होतात हेही ज्ञात आहे. म्हणून तज्ज्ञ त्याला महत्त्व देतात.

५. वजनकाटा काय सांगत नाही

'मी तर सडपातळ आहे, मला व्यायामाची काय गरज?' असे म्हणणारे पुष्कळ असतात. त्यांच्यासाठी पुण्याचे एक उदाहरण उद्बोधक आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच छायाचित्र प्रसिद्ध केले. उंचीच्या तुलनेत वजन किती, हे सांगणारा शरीरभार निर्देशांक दोघांचाही २२.३ होता. म्हणजे वजनकाट्याच्या दृष्टीने दोघेही सारखेच आणि निरोगी. क्ष-किरणांच्या साहाय्याने शरीरातील चरबी मोजली, तेव्हा युडकिन यांच्या शरीरात ती ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के निघाली.

भारतीय माणूस दिसतो सडपातळ, पण त्याच्या अंगात चरबी अधिक आणि स्नायू कमी असतात. मधुमेहाचा धोका त्याला म्हणूनच लवकर गाठतो, हे त्यांना दाखवावयाचे होते. यामागे गर्भावस्थेतील पोषणापासून अनेक कारणे आहेत. राहणीचाही त्यात वाटा असू शकतो, हे सांगताना लेखकांनी मिश्कीलपणे नमूद केले, की युडकिन मॅरेथॉन धावतात, आणि याज्ञिक यांचा मुख्य व्यायाम म्हणजे सकाळी रुग्णालयाच्या लिफ्टचे दार बंद होण्यापूर्वी तिच्याकडे धाव घेणे. एका नामवंत डॉक्टराने स्वतःवरच केलेला हा विनोद आपल्यापैकी अनेकांना लागू पडतो. काट्यावरचा आकडा योग्य असला, तरी स्नायू आणि दमसास यांचा हिशोब वेगळा ठेवावा लागतो.

६. रुग्णालयात दमसासाचे स्थान

दमसासाची विचारपूस आज वैद्यकात अनेक ठिकाणी होते. मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी 'तुम्ही दोन जिने न थांबता चढू शकता का?' असे भूलतज्ज्ञ विचारतात. हा प्रश्न औपचारिक नसतो. शस्त्रक्रियेचा ताण हृदय व फुप्फुसे यांना पेलेल की नाही, याचा अंदाज ते त्यावरून घेतात. घाई नसेल, तर शस्त्रक्रियेपूर्वी काही आठवडे चालण्याचा व श्वसनाचा सराव करवून घेण्याची पद्धतही रूढ होत आहे.

हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णाला पूर्वी कित्येक आठवडे सक्तीने निजवून ठेवीत असत. १९५२ साली सॅम्युएल लेविन आणि बर्नार्ड लाऊन यांनी अशा रुग्णांना लवकर खुर्चीत बसविण्याचा उपचार मांडला, तेव्हा तो धाडसाचा वाटला होता. आज रुग्णाला लवकर उठवून बसवितात, चालवितात आणि नंतर तज्ज्ञांच्या देखरेखीखाली व्यायाम देतात. यालाच हृदय-पुनर्वसन म्हणतात. दीर्घकालीन श्वसनविकाराच्या रुग्णांसाठीही अशीच योजना असते. त्यांना सहा मिनिटांत किती अंतर चालता येते, ते मोजून प्रगती पाहतात.

सहा मिनिटे चालण्याची ही रीत २०२१ साली महाराष्ट्रातील घराघरांत पोहोचली. करोनाच्या दुसऱ्या लाटेत, बोटाला लावण्याच्या छोट्या यंत्राने रक्तातील प्राणवायू मोजावा, सहा मिनिटे चालावे आणि पुन्हा मोजावा, असे सांगितले जात होते. बसल्या जागी आकडा ठीक असलेल्या काही रुग्णांचा प्राणवायू चालल्यावर खाली जाई आणि धोका वेळीच कळे. त्या चाचणीचा हेतू दमसास मोजण्याचा नव्हता. परंतु तिच्यामागील विचार आपल्या विषयाशी थेट जोडलेला आहे. शरीराची उणीव विश्रांतीत झाकलेली राहते आणि श्रमात उघडी पडते.

दम लागण्याचे कारण प्रत्येक वेळी सरावाचा अभाव हेच असेल, असे मात्र समजू नये. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. हिमोग्लोबिन कमी असेल, तर हृदय व फुप्फुसे चांगली असूनही प्राणवायू वाहून नेणारे वाहनच अपुरे पडते. घरातील सारी कामे उरकणारी बाई 'हल्ली लवकर दमते' असे म्हणते, तेव्हा तिला व्यायामाचा सल्ला देण्यापूर्वी तिचे रक्त तपासले पाहिजे.

पाठगत प्रश्न
(अ) बसचालक व बसवाहक यांच्या तुलनेतून कोणती गोष्ट लक्षात आली?
(आ) शस्त्रक्रियेपूर्वी जिना चढण्याविषयी का विचारतात?

७. दमसास कसा वाढवावा

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा किंवा ७५ ते १५० मिनिटे जोमदार श्रमाचा व्यायाम करावा. मुलांनी व किशोरांनी दररोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोमदार हालचाल करावी. श्रम मध्यम आहे की जोमदार, हे ओळखण्यास यंत्राची गरज नाही. चालता चालता गाणे म्हणता येत असेल, तर श्रम हलका आहे. बोलता येते, पण गाता येत नाही, तर तो मध्यम आहे. दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल, तर तो जोमदार आहे.

या कसोटीने वारीकडे पाहा. आळंदीहून पंढरपूरपर्यंत सुमारे २५० किलोमीटरची वाट वारकरी पायी चालतात. सपाट रस्त्याने अभंग म्हणत चाललेली दिंडी दिवेघाट चढू लागली, की श्रम वाढतो आणि श्वासाची गती बदलते. हलका, मध्यम आणि जोमदार असे तिन्ही प्रकारचे श्रम या एका वाटेवर भेटतात. मात्र वर्षभर न चाललेल्या माणसाने थेट घाटाला भिडणे इष्ट नाही. वारीपूर्वी महिना-दोन महिने रोज चालण्याचा सराव केला, तर शरीर तयार होते.

चालणे, पोहणे, सायकल चालविणे, दोरीवरच्या उड्या, लेझीम हे सर्व दमसास वाढविणारे प्रकार आहेत. यांत मोठे स्नायू लयीत आणि बराच वेळ काम करतात. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा हिरिरीने प्रसार केला. जागा न लागणारा हा व्यायाम सलग व योग्य गतीने केल्यास हृदयालाही चांगले काम मिळते. प्राणायामाने श्वासावर ताबा येतो आणि मन स्थिर होते. १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन करून स्वामी कुवलयानंदांनी त्याचा शास्त्रीय अभ्यास सुरू केला. परंतु केवळ बसून श्वसन केल्याने स्नायूंची प्राणवायूची मागणी वाढत नाही. म्हणून प्राणायामाला चालण्याची जोड द्यावी.

आरंभ थोड्याने करावा. पहिले दोन आठवडे दिवसातून दोन वेळा दहा दहा मिनिटे चालावे. पुढे वेळ वाढवावा आणि मग गती वाढवावी. मधून मधून एक मिनिट भरभर आणि दोन मिनिटे सावकाश अशी आलटून पालटून चाल ठेवल्यास लाभ अधिक होतो. छातीत दुखणे, घेरी येणे, छाती अनियमित धडधडणे, थोड्या श्रमानेही विलक्षण धाप लागणे ही लक्षणे दिसली, तर तत्काळ थांबून डॉक्टरांना दाखवावे. हृदयविकार, मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असलेल्यांनी जोमदार व्यायाम सुरू करण्यापूर्वी त्यांचा सल्ला घ्यावा.

८. हवा आणि व्यायाम

काला अंब ज्या पानिपत जिल्ह्यात आहे, तो आज राष्ट्रीय राजधानी क्षेत्राचा भाग आहे. या क्षेत्रात राहणाऱ्यांपुढे एक वेगळीच अडचण असते. हिवाळ्यात जमिनीलगतची थंड हवा वर जात नाही, वारा मंदावतो आणि वाहने, कारखाने, बांधकामे यांचा धूर व धूळ तेथेच साचून राहते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शेतातील पराळी जाळल्याचा धूर त्यात मिसळतो. व्यायामाच्या वेळी आपण विश्रांतीच्या कित्येक पट हवा आत घेतो. म्हणजे दूषित कणही तितकेच अधिक घेतो.

यावर उपाय म्हणून व्यायाम सोडून देऊ नये; जागा आणि वेळ बदलावी. हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक रोज प्रसिद्ध होतो. तो ३०० च्या वर असेल, त्या दिवशी घराबाहेर धावणे टाळून घरातच सूर्यनमस्कार घालावेत, जागच्या जागी चालावे किंवा बैठका माराव्यात. रहदारीच्या रस्त्यालगत कधीही धावू नये. दम्याच्या रुग्णांनी व वृद्धांनी अधिक जपावे. मात्र हवा स्वच्छ ठेवण्याचे काम एकट्यादुकट्याचे नाही. ते शासनाचे आणि समाजाचेही आहे. ज्या वस्तीत चालण्यास पदपथ नाही, मुलांना मैदान नाही आणि श्वास घेण्याजोगी हवा नाही, तेथील लोकांना केवळ 'व्यायाम करा' असे सांगणे अपुरे आहे.

समारोप

राखीव बळ लढाईच्या दिवशी गोळा करता येत नाही. ते आधी जमवावे लागते आणि न वापरल्यास गंजते. काला अंबच्या स्तंभापुढे उभे राहिल्यावर आपले मन ज्यांनी उपाशीपोटी अर्धा दिवस झुंज दिली, त्यांच्या धैर्यापुढे नम्र होते. त्यांची रसद शत्रूने तोडली होती. आपल्या शरीराची रसद मात्र बहुतेक वेळा आपणच तोडतो, तीही रोज थोडी थोडी आणि नकळत. आजार कधी येईल हे आपल्या हाती नाही. तो येईल तेव्हा आपल्याजवळ किती दम शिल्लक असेल, हे मात्र पुष्कळ अंशी आपल्या हाती आहे.

करून पाहा

सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी एक मिनिटभर नाडीचे ठोके मोजून वहीत लिहा. नंतर दिवसात केव्हातरी, आखलेल्या सपाट जागेवर, आपल्या नेहमीच्या भरभर चालीने सहा मिनिटे चाला आणि अंतर लिहा. आठ आठवडे नियमित चालून ही दोन्ही मापे पुन्हा घ्या. तुलना इतरांशी न करता स्वतःच्या पहिल्या नोंदीशी करा. आजारी व्यक्तींनी हा उपक्रम डॉक्टरांना विचारूनच करावा.

शब्दार्थ

दमसास – श्रम करीत असता टिकून राहण्याची हृदय व श्वसन यांची शक्ती
केशवाहिनी – अतिसूक्ष्म रक्तवाहिनी
तंतुकणिका – पेशीतील ऊर्जा निर्माण करणारा घटक
रक्तक्षय – रक्तातील हिमोग्लोबिन कमी असणे
पराळी – भातकापणीनंतर शेतात उरलेले काड

स्वाध्याय

१. प्राणवायूच्या प्रवासातील चार टप्पे तुमच्या शब्दांत लिहा.
२. डॅलस येथील प्रयोगातून कोणत्या दोन गोष्टी लक्षात येतात?
३. 'वजन योग्य असले म्हणजे आरोग्य उत्तम असते', या विधानाची पाठाच्या आधारे चर्चा करा.
४. काला अंबच्या प्रसंगाचा लेखात कोणता उपयोग केला आहे? तो तुम्हाला समर्पक वाटतो का? कारणे द्या.
५. तुमच्या वस्तीत लोकांना रोज चालता यावे यासाठी कोणत्या सोयी हव्यात, याविषयी नगरपालिकेस किंवा ग्रामपंचायतीस पत्र लिहा.
६. 'दम' या शब्दापासून तयार झालेले पाच शब्द किंवा वाक्प्रचार शोधून वाक्यांत उपयोग करा.